उणे दोन

विट्यात, मागांच्या गल्लीत माझं दुकान.
एरवी धोटे भिंतीपलीकडं ठोकत राहतात,
मी स्क्रूसुद्धा त्यांच्या तालात फिरवतो.
आज बाजार, माग बंद.
कान दमलेत, हे अशा दिवशीच कळतं.

लेंगऱ्याच्या इंदुबाई हारुगडे आल्या होत्या सकाळी.
बाजाराच्या पिशवीत लॅपटॉप, वर मेथीची जुडी.
"नेट लागंना झालंय. शनवारपास्नं.
अपडेट मागत हुतं, पोरीनं दिलं."
दिलं म्हणाल्या,
दारात आलेल्याला भाकरी द्यावी तसं.

लॅपटॉप सेलमहून आलेला.
तिथं त्यांच्या मालकांचं गलाईचं दुकान,
थोरला पोरगाही आता तिकडंच, मुशीपाशी.
कडेला तेजाबाचा डाग आहे, पिवळट.
बाईंचा फोन बटणांचा; दोघांची तोंडं दिसतात ती एवढ्यातच.
मागच्या दिवाळीत मीच त्यात लिनक्स घातलं:
फुकट, हलकं, म्हाताऱ्या यंत्राला झेपणारं.
म्हणजे दोष देऊन मोकळं होण्याची सोय नाही.

टर्मिनल उघडलं. विचारलं, आत कोण कोण आहे?
यादी आली.
शेवटून दुसऱ्या ओळीत वायरलेस कार्ड,
कंपनी, नंबर, सगळं नावगावासकट.
मेलेलं नाही तर. हजेरी देतंय,
पण बोलत नाही.

ड्रायव्हर काढला, पुन्हा चढवला.
काहीच उत्तर आलं नाही.
लिनक्समध्ये गप्प राहणं म्हणजे होकार.
घरात तसं नसतं.

मग कर्नलची रोजनिशी चाळत बसलो.
पंखा सापडला. बॅटरी अर्धी म्हातारी.
कॅमेरा जागा झाला, चार पूर्णांक दोन सेकंदांनी.
आणि तिथं, मधेच, आवाज न चढवता एक ओळ:
फर्मवेअर चढलं नाही. उणे दोन.

नवख्याला वाटेल हिशेब चुकला.
अर्थ एवढाच,
जिथं शोधलं तिथं ती फाईल नाही.
नवा कर्नल आला, ड्रायव्हरही नवा,
त्यानं कार्डाला उठवायचं नवं वाक्य मागितलं
आणि घरात पडलं होतं जुनंच.

ती फाईल नेटवर.
नेट लागायला ती फाईल.
विहिरीत पडलेला पोहरा काढायला
पोहराच लागावा, तशी गत.

लॅनचं भोक या लॅपटॉपला नाही.
फोन केबलनं जोडून नेट उसनं द्यावं म्हटलं.
पहिली केबल नुसती चार्जिंगची.
दुसरी तीच, रंग वेगळा.
तिसरी हलवली की सुटते.
चौथी खणाच्या तळाशी, रबरबँडमध्ये गुंडाळलेली,
कुणाच्या फोनची होती आता आठवत नाही. ती चालली.

फाईल उतरली. जागी ठेवली. यंत्र पुन्हा सुरू केलं.
रोजनिशीत उणे दोन नाही.
नेटही नाही.

चहा सांगितला. तो निवला.
पाऊण तास मी मॉड्यूलांना नावं ठेवली,
मग लॅपटॉप उचलून झटकला, उगाच, रागानं,
तेव्हा डागाशेजारचं बारकं बटण नखाला लागलं.
वायरलेसची कळ. बंद.
पिशवीतल्या मेथीनं ढकलली असणार.

सरकवली. दिवा लागला.
आणि मी पासवर्ड टाकून हात पुसतो न पुसतो
तोच लॅपटॉप वाजायला लागला.
सेलम.

उचलावं का? कुणाच्या घरातलं बोलणं.
उचललं.
भट्टीच्या उजेडात दोन तोंडं, एकमेकांना ढकलत पुढं आलेली.
माझं तोंड बघून थांबली.
"रिपेरीवाला," म्हटलं. "विट्यातनं. लागलंय नेट.
बाई उद्या न्यायला येणारायत."

"हां हां," थोरला म्हणाला.
बाप काही बोलला नाही. कान पुढं केला,
जरा वेळ तसाच.
"आज माग बंद हायत व्हय?"

बंद आहेत, म्हटलं.
"मग सोमवार," तो म्हणाला, स्वतःशीच.

दीडशे रुपये लावले. चिठ्ठीवर लिहिलं,
अपडेट मागितलं तर आधी मला विचारा.
केबल त्यांच्याच पिशवीत टाकली, ती चौथी.